मला वाटलं, असंच कोणी असन

तर्री पोह्यांवरून मला नागपुरातून हाकलून देण्याची भाषा झाली, त्याला आता दोन महिने होतील.

कुणीतरी एका ठेल्याचं रील टाकलं होतं. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, तिच्यावर तेलाचा तवंग, बाजूला लिंबाची फोड. मी खाली लिहिलं, "पोहे छान दिसतात, पण तर्री जरा बेतानं घातली असती तर पोह्यांचीही चव लागली असती." एवढंच. तासाभरात पंचवीस-तीस जण माझ्यावर तुटून पडले. "पुण्याची दिसते." "घरी जाऊन दूधभात खा." एकानं तर माझ्या आईनं मला काय खाऊ घालून वाढवलं याची चौकशी केली. आणि एकानं लिहिलं, "अशा लोकांले नागपुरातून हाकलून द्या बे. अकलेचा पत्ता नाही अन् चालले कमेंट कराले."

या शेवटच्याचा फोटो ओळखीचा वाटला. गॉगल लावून बाइकवर बसलेला पोरगा. नीट पाहिलं तर आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला निघाला. सहा वर्षं झाली, माझ्या बीपीच्या गोळ्या तोच काढून देतो. गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं सकाळच्या गोळीला छोटा सूर्य काढतो, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. "काकू, उलटसुलट नका करू बरं का," हे दर महिन्याला ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणायला गेले. त्यानं सूर्य काढला, चंद्र काढला. मी म्हटलं, "काल रात्री मला गावाबाहेर काढत होतास ना रे?" त्याला काही कळेना. मग मी फोन पुढे केला. माझ्या डीपीवर तुळशीवृंदावनाचा फोटो आहे, त्यावरून काय ओळखणार बिचारा. त्याचे कान लाल झाले.

"काकू, तुम्ही होते का ते? मला वाटलं, असंच कोणी असन."

घरी येईपर्यंत ते एक वाक्य डोक्यात फिरत होतं. पोरगा खोटं बोलत नव्हता. 'असंच कोणी' म्हणजे जिला चेहरा नाही, घर नाही, बीपीची गोळी नाही, अशी बाई. तिला काय बोललं तर कुठे लागणार आहे?

निवृत्तीमुळे हाती वेळ आहे, म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. फोनवर माणसं इतकी तुसडी का वागतात, यावर अभ्यास बराच झालाय. जॉन सुलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००४ साली सहा कारणं मांडली. आपलं नाव कळत नाही. आपण दिसत नाही. उत्तर लगेच समोर येऊन आदळत नाही. समोरच्याचं लिहिलेलं आपण आपल्याच मनातल्या आवाजात वाचतो. हे सगळं खोटं-खोटं, खेळातलं आहे असं वाटत राहतं. आणि लहान-मोठ्याचा मान उरत नाही, कारण पडद्यावर कलेक्टर आणि कॉलेजातला पोरगा एकाच आकाराच्या अक्षरात दिसतात. या सगळ्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. आपल्याकडे त्याला केव्हापासून शब्द आहे: भीड चेपणं. भीड ही भिकेची बहीण म्हणून आपण तिला नावं ठेवत आलो, पण चारचौघांत जिभेला लगाम घालण्याचं काम ती फुकटात करत होती, हे आत्ता लक्षात येतंय.

सुलर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी लोक सोडून देतात. भीड चेपली की माणूस वाईटच वागतो असं नाही. जे घरात सांगता येत नाही ते लोक अनोळखी माणसाला लिहून मोकळे होतात: नैराश्य, नवऱ्याची दारू, मूल होत नाही ते दुःख. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं ते लोक फोनवरून "आमच्याकडे वरचा मजला रिकामा आहे, या" असं लिहीत होते. तीही भीड चेपणंच.

आता लोकांचं ठरलेलं उत्तर येतं: फेक अकाउंट बंद करा, प्रत्येकाला आधार कार्ड जोडा, सगळे सरळ होतात. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण आमच्या बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. ३२ फ्लॅट. प्रत्येकाचं नाव माहीत, फ्लॅट नंबर माहीत, कोणाच्या घरी मटण केव्हा शिजतं तेही माहीत. तरी मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरच्या पैशांवरून रात्री साडेअकराला जे भांडण झालं, त्यात दोघांचे बाप काढून झाले होते. दोघांपैकी कुणीही फेक अकाउंटवर नव्हता.

दक्षिण कोरियानं हा आधारवाला उपाय करूनही पाहिला. २००७ मध्ये तिथे कायदा आला की मोठ्या वेबसाइटवर काही लिहायचं तर आधी खरी ओळख पटवायची. पुढे रोज एक लाखाहून जास्त लोक भेट देतात अशा सगळ्या वेबसाइट त्यात आल्या. शिव्या म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत. उलट लोकांची खरी माहिती एका जागी गोळा झाली, आणि २०११ मध्ये एका मोठ्या हॅकिंगमध्ये साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तो कायदाच रद्द केला.

मग नाव नाही तर काय? इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या लॅपिडॉट-लेफलर आणि बराक या दोघांनी २०१२ मध्ये हेच सुटं-सुटं करून तपासलं. १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि एका अवघड पेचावर चॅट करत एकमत करायला सांगितलं. काही जोड्यांना एकमेकांची ओळख दिली, काहींना नाही. काहींना समोरचा माणूस बाजूच्या कॅमेऱ्यातून दिसत होता, काहींना अजिबात नाही. आणि काहींचा कॅमेरा अगदी डोळ्यांच्या उंचीवर होता, म्हणजे लिहिताना एकमेकांच्या नजरेत नजर. सगळ्यांत जास्त फरक कशानं पडला? नजरेनं. नाव माहीत असणं, नुसतं दिसणं, यापेक्षा डोळे समोर नसणं हे उद्धटपणाचं मोठं कारण निघालं.

हे वाचलं तेव्हा मला व्हरायटी चौकातला मे महिना आठवला. पारा ४५ च्या वर, प्रत्येकाच्या तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा गॉगल, वर हेल्मेट. सिग्नल सुटायच्या आधीच मागून हॉर्नचा भडिमार, आणि त्यासोबत जी शब्दसुमनं येतात ती थंडीच्या दिवसांत त्याच चौकात येत नाहीत. (हे माझं निरीक्षण आहे, संशोधन नाही. उन्हानं डोकं तापतं हेही कारण असू शकतं.) पण गॉगल वर सरकला आणि नजरानजर झाली की निम्मे लोक पुटपुटत गाडी बाजूला घेतात. डोळे बघितले की पोटात काहीतरी हलतं. समोरच्याचा चेहरा पडला, ओठ थरथरले, की आपलं वाक्य अर्ध्यात मऊ होतं. हे आपण ठरवून करत नाही, आपोआप होतं. फोनवर तो चेहरा नाही, म्हणून वाक्य शेवटपर्यंत जातं. आणि भांडण नळावरचं असेल तर बोललेलं हवेत विरतं, संध्याकाळपर्यंत शब्द विसरतात, फक्त राग उरतो. ग्रुपवर मात्र ते सकाळी सहाला तसंच्या तसं शिल्लक. जो रात्री झोपला होता तो आता चहा घेता घेता वाचतो आणि नव्यानं चूल पेटवतो.

याच्यातच एक खास आपली गंमत आहे. 'बे.' नागपूरकराला हा शब्द काय आहे हे समजावून सांगायची गरज नाही. "काय बे, जेवला का?" यात जी माया आहे ती "आपण जेवलात का" मध्ये नाही. पण तो 'बे' कसा म्हणायचा, कुठे लांबवायचा, म्हणताना खांद्यावर हात आहे की कॉलरवर, यावर सगळं अवलंबून. माझ्या भाच्यानं पुण्याच्या सहकाऱ्याला ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "पाह्यना बे जरा फाइल." त्याच्या मनात खांद्यावरचा हात होता. समोरच्यानं कॉलर वाचली. प्रकरण साहेबापर्यंत गेलं.

यावरही प्रयोग आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना काही वाक्यं पाठवायला सांगितली, काही खरीखुरी, काही टोमण्याची. समोरच्यानं ओळखायचं की हा टोमणा आहे की मनापासून आहे. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की शंभरपैकी ७८ वेळा समोरच्याला बरोबर कळेल. आवाजात ऐकवलं तेव्हा ७३ वेळा कळलं. ईमेलवर ५६ वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं, म्हणजे लिहिलेल्या शब्दांतून स्वर जवळजवळ कळतच नाही. आणि वाचणाऱ्यांनाही पक्की खात्री की आपल्याला बरोबर कळलं. त्यामुळे फोनवरच्या किती भांडणांत मुळात कुणी उद्धट बोललेलंच नसतं, देव जाणे.

बरं, स्वर कळला नाही, डोळे दिसले नाहीत, इथवर गोष्ट अजाणतेपणाची आहे. पुढची तशी नाही. नळावर कोणी जोरात भांडलं तर आजूबाजूच्या बाया नाक मुरडायच्या. फोनवर त्यालाच लाइक मिळतात. माझ्या पोह्यांच्या वाक्याला दोन लाइक होते, त्यातला एक माझ्या बहिणीचा. "हाकलून द्या" ला ६४. पोरगा काय शिकला असेल? विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरची राजकीय वादांची पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासली. नीती-अनीतीचा आव आणि भावनेचा कढ एकत्र असलेला प्रत्येक शब्द वाढला की ट्वीट पुढे पाठवलं जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढत होतं. 'लाज', 'गद्दार', 'नीच' या जातीचे शब्द समजा. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात फेसबुक आणि ट्विटर मिळून २७ लाख अमेरिकन पोस्ट पाहिल्या. विरुद्ध बाजूच्या लोकांचा उल्लेख करणारा एकेक शब्द पोस्ट पसरण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढवत होता. आपल्या माणसांबद्दल चांगलं लिहून एवढं मिळत नाही. 'पुण्याची दिसते' हे त्याच हिशेबातलं. ज्यांनी तसं लिहिलं त्यांनी हे अभ्यास वाचलेले नाहीत, पण लाइकचा आकडा रोज वाचतात, तेवढं पुरतं. ही ॲप बनवणाऱ्यांना शिव्यांची आवड असते असं नाही. लोक पडद्यावर जास्त वेळ थांबावेत एवढंच त्यांना हवं असतं, आणि भांडण लागलं की कोण हलतं जागेवरून?

सगळ्यांत जास्त मला पटलेला अभ्यास वेगळाच आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी ६६७ जणांना आधी एक परीक्षा दिली. अर्ध्यांना सोपी, अर्ध्यांना इतकी अवघड की डोकं उठावं. मग एक लेख वाचून मत लिहायला सांगितलं. काहींना वरती आधीच तीन साधी मतं दिसत होती, काहींना तीन खवचट. सोपी परीक्षा आणि साधी मतं मिळालेल्यांत ३५ टक्के लोकांनी वाकडं लिहिलं. (साध्या दिवशीही ३५! हा आकडा मी दोनदा वाचला.) डोकं उठलेलं आणि वर खवचट मतं, असे जे होते त्यांच्यात ६८ टक्के. माणसं तीच. त्याच संशोधकांनी सीएनएन या अमेरिकन वाहिनीच्या बातम्यांखालची वर्षभराची मतं पाहिली, तर रात्री उशिरा आणि सोमवारी वाकडेपणा वाढलेला.

औषधाच्या दुकानातला पोरगा सकाळी नऊला येतो, रात्री साडेदहाला शटर ओढतो. दिवसभर उभा. गिऱ्हाईक "पाच टक्केच डिस्काउंट?" म्हणून हुज्जत घालतं, डॉक्टरचं अक्षर लागत नाही, मालक वेगळा. घरी जाऊन जेवताना फोन उघडतो, त्यात आधीच वीस जण कुणा 'असंच कोणी' बाईला झोडताहेत. एकविसावा त्यानं दिला. मी त्याला माफ वगैरे करत नाहीये. पण मागच्या डिसेंबरात, वीजबिलावरून दिवसभर रांगेत उभी राहून परतल्यावर, संत्र्यांना आंबट म्हणणाऱ्या एका बाईला मी लिहिलं होतं, "तुमच्या जिभेचाच काही आजार असेल." तिचा डीपी गुलाबाच्या फुलाचा होता. ते मी आजतागायत पुसलेलं नाही, कारण पुसायला गेलं की ते पुन्हा वाचावं लागतं.

इथे उलट बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कच्या बोर आणि पीटरसन यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या मिळून आठ हजारांवर लोकांच्या माहितीवरून म्हटलं की राजकारणाच्या वादात नेट माणसाला बिघडवतं हे फारसं खरं नाही. जो नेटवर अंगावर येतो तो प्रत्यक्षातही येतो. फरक एवढाच की प्रत्यक्षात त्याचा आवाज खोलीपुरता राहतो, नेटवर तो सगळ्यांच्या घरात जातो. माझ्या औषधवाल्या पोराला हे लागू पडत नाही. पण आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांना तंतोतंत लागू पडतं. ते वॉचमनशी भांडतात, भाजीवाल्याशी भांडतात, लिफ्टच्या आरशाशीही भांडत असावेत. पूर्वी ते ऐकायला एकटा वॉचमन होता. आता ग्रुपमुळे साठेक फोन आहेत. मला वाटतं दोन्ही अभ्यास आपापल्या जागी खरे आहेत: काही जण कायमचे तसे, बाकीचे रात्री साडेअकराला तसे.

शिव्या द्यायला आपलं गाव काही नवं नाही, हेही कबूल करू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे निघतात. १८८० च्या दशकापासूनची परंपरा. सोबत बडगे, तेही पुतळेच. त्यांच्या अंगावर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचा फलक. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असा गलका. त्या दिवशी लोक जे बोलतात ते एरवी कुणी खपवून घेणार नाही. पण ते कागद-बांबूच्या पुतळ्याला, दिवसाउजेडी, ओळखीच्या लोकांत, वर्षातून एकदा, आणि संध्याकाळी गावाबाहेर नेऊन जाळून मोकळं. फोनवर रोज मारबत निघते, आणि पुतळ्याच्या जागी कुणाची तरी काकू असते. जाळायची सोय नाही, सगळं साठून राहतं.

राहता राहिला ग्रुपचा ॲडमिन. त्याच्यावर सगळ्यांचा रोख असतो, "तुम्ही काही करत का नाही?" यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. ग्रुपमधल्या एकानं एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली, ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयानं तो रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय लिहिणार ते आधी तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते, आणि दोघांनी मिळून कट केल्याचं दिसत नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. ज्यानं लिहिलं त्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. आमच्या ॲडमिन काकांनी ती बातमी ग्रुपवर टाकली होती. तिच्याखालीही भांडण झालं.

पण काकांनी टँकरच्या त्या रात्रीपासून एक गोष्ट सुरू केली आहे. रात्री दोघं जुंपले की ते मध्ये पडत नाहीत, कुणाला समजावत नाहीत, हात जोडल्याची चित्रं टाकत नाहीत. एकच ओळ लिहितात: "दोघंही खाली गेटवर या. मी चहा घेऊन येतो."

आजवर खाली कुणीही उतरलेलं नाही. काका दोनदा थर्मास घेऊन एकटेच बसून आले, तो चहा वॉचमननं प्यायला. मेसेज मात्र त्या ओळीनंतर येत नाहीत.